भाऊजींची यंत्रणा

आमच्या इंद्रजित भाऊजींच्या बाबतीत दोन पथ्यं पाळावी लागत. त्यांच्या ताटात दुधी वाढायचा नाही, आणि त्यांना बिचारा म्हणायचं नाही. दुधी मी अधूनमधून वाढायचे, कारण मी त्यांची वहिनी, आणि घरात भाजी कुठली व्हायची ते मी ठरवते. दुसरं पथ्य मात्र मी कडक पाळलं. पण मी पाळून काय उपयोग? दिल्लीची माणसं येताजाता बेचारा म्हणतात. कुत्रं भिजलं तरी बेचारा, मंत्री निवडणूक हरला तरी बेचारा. आम्ही नोएडाला राहायला आलो त्याच आठवड्यात समोरच्या खन्नांनी भाऊजींचा उजवा हात पाहिला, जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ केलं आणि म्हणाले, बेचारे. झालं. भाऊजींच्या नाकावर राग आधीच बसलेला असतो, त्याला फक्त निमित्त लागतं. तुमची स्कूटर रोज सकाळी साऱ्या गल्लीला रडवते, तेव्हा बेचारे कोण ते गल्लीला विचारा, असं त्यांनी खन्नांना तोंडावर सुनावलं. आणि मग तिथेच उकिडवं बसून त्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून साफ करून दिला. एका हाताने आणि एका आकड्याने. खन्ना तेव्हापासून आमच्याकडे चहाला यायला लागले.

हाताचं सांगते. इंद्रजित टिपणीस हे माझ्या यजमानांचे, म्हणजे जयंतचे, धाकटे भाऊ. जयंत केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, त्यामुळे आमचा संसार बरीच वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये झाला, आणि भाऊजी आमच्याबरोबरच. ते फरिदाबादच्या एका कारखान्यात टूलरूम, म्हणजे साच्या-हत्यारांचं खातं, बघायचे. तिथे एकदा पत्रा दाबायच्या प्रेसखाली उजवा हात सापडला आणि कोपराच्या जरा खालपासून गेला. तिशी नुकतीच उलटली होती, लग्नाची बोलणी चालली होती, ती मुलीकडच्यांनी परस्पर थांबवली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा सासूबाई रडत होत्या, मी रडत होते, जयंत बाहेर जाऊन रडत होता. भाऊजी पलंगावर आडवे पडून छताकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘वहिनी, या पंख्याचं बेअरिंग गेलंय.’ तेव्हाच मला वाटलं, हा माणूस काही बसून राहणार नाही.

आधी त्यांना एक गुलाबी रबरी हात मिळाला. दिसायला हुबेहूब, नखं बिखं काढलेली, पण कामाला शून्य. कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्याचा असतो ना, तसा. भाऊजींनी तो चार दिवस घातला आणि मग बाल्कनीत टांगून त्याच्या बोटांना कपड्यांचे चिमटे लावले. नवीन कामवाली पहिल्या दिवशी किंचाळून पळाली ती पगारालाच आली. मग स्वतःचा हात त्यांनी स्वतः बनवला. बाजारातल्या मोच्याकडून चामड्याची वाटी शिवून घेतली, तिच्या टोकाला दोन पात्यांचा स्टीलचा आकडा बसवला, आणि करोल बागेतून स्कूटरच्या क्लचची वायर आणून ती पाठीवरून दुसऱ्या खांद्याच्या पट्ट्याला बांधली. खांदा उडवला की आकडा उघडायचा, खांदा सोडला की पात्यांना गुंडाळलेल्या रबरामुळे मिटायचा. त्या आकड्याने ते शेंगा सोलायचे, पेन्सिलला टोक करायचे, माझ्या लोणच्याच्या बरण्या उघडायचे. खांदे सारखे उडवत असल्यामुळे नवख्या माणसाला वाटायचं, यांना कशाचीच पर्वा नाही.

या सगळ्या खटाटोपाला ते ‘यंत्रणा’ म्हणत. साधा शब्द आहे. पाणीपुरवठ्याची यंत्रणा, निवडणुकीची यंत्रणा, तशी भाऊजींची यंत्रणा. वहिनी, माझी यंत्रणा कुठाय? खुंटीवर आहे, बघा. काका, यंत्रणा घाला, फुग्याला गाठ बसत नाहीये. माझी लेक कृतिका याच बोलण्यात वाढली. दिल्लीत वाढलेल्या आमच्या पोरांचं मराठी म्हणजे चार चाळण्यांतून गाळलेलं. ‘अडगळ’ म्हटलं की आ वासायची, ‘उंबरठा’ म्हटलं की आईकडे बघायची. पण यंत्रणा कृतिकाला ठाऊक होती. यंत्रणा म्हणजे काकाचा हात, एवढंच.

भाऊजींना दुसरा नाद होता विज्ञानकथांचा. दर रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवर जायचे आणि जुनी इंग्रजी मासिकं काखेत मारून आणायचे. कव्हरांवर डोळ्यांतून उजेड सोडणारी लोखंडी माणसं आणि त्यांना बघून बेशुद्ध पडणाऱ्या बायका. मला ती टीपॉयवर ठेवायचीसुद्धा लाज वाटायची. त्यांत भाऊजी एकच गोष्ट शोधायचे, अर्धा माणूस आणि अर्धं यंत्र अशी कथा. कोणाला पितळी फुप्फुस, कोणाला लोखंडी पाय, कोणाचा मेंदूच डब्यात. आणि वाचून झालं की ठरलेली चिडचिड. कारण त्या जुन्या कथांमध्ये माणसाला यंत्र जोडलं की तो एक तर राक्षस होतो आणि गावं जाळत सुटतो, नाहीतर चंद्राकडे बघून रडतो. हात लोखंडाचा झाला की डोकं फिरतं हे यांना सांगितलं कोणी, असं ते मला पोळ्या लाटताना विचारायचे. मला तर फक्त भूक जास्त लागते, म्हणायचे. ते मात्र खरं होतं.

म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. डाव्या हाताने, तिरक्या अक्षरात. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात त्यांची कथा छापून यायची, अंजिराच्या बर्फीच्या पाककृतीनंतर आणि सभासदांच्या यादीच्या आधी. त्यातली त्यांची लाडकी कथा म्हणजे ‘यंत्रणा’. तिचा नायक मारुती. पुढच्या शतकातल्या एका शहरात तो पाणीखात्यात नोकरीला आहे आणि त्याचा एक हात यंत्राचा आहे. सकाळी उठतो, यंत्रणा चढवतो, तिला तेल देतो, कामावर जातो. शहराचा मोठा नळ फुटतो तेव्हा तो एकटा त्याचा व्हॉल्व्ह पिळून बंद करतो, आणि घरी येऊन यंत्रणा खुंटीला अडकवून खिचडी खातो. संपली कथा. संपादक म्हणाले, शेवट जरा सपाट झालाय. भाऊजी म्हणाले, सपाटच हवाय. त्यांना एवढंच हवं होतं की एकदा तरी कुठेतरी असा माणूस सुखाने जेवताना दिसावा.

मग सरकारने ते सगळं खुलं केलं, बाजार आणि परदेशी माल आणि काय काय. आम्ही क्वार्टर सोडून नोएडाच्या सोसायटीत आलो. सगळीकडे नुसते मोकळे प्लॉट, उंच गवत, मधेच एखादी चारमजली इमारत आणि दिवसभर गुल होणारी लाइट. पण घरात केबल आली होती आणि चॅनेलांना कार्यक्रम पुरत नव्हते. नोएडाच्या फिल्म सिटीत तर दर महिन्याला एक नवी कंपनी उघडत होती. कृतिका तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, ती अशाच एका कंपनीत सुटीपुरती चिकटली. तिथले डायरेक्टर सक्सेना रविवार सकाळसाठी एकेका भागात संपणाऱ्या कथा शोधत होते. काहीतरी हटके हवं, म्हणत होते. कृतिकाने सांगितलं, माझ्या काकांकडे आहे. आणि चार दिवस बसून तिने ‘यंत्रणा’ हिंदीत उतरवून दिली.

आता इथे एक गोष्ट सांगून ठेवते, जी तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. हिंदीतही यंत्रणा हा शब्द आहे. पण तिथे त्याचा अर्थ यंत्राशी काडीचा संबंध नसलेला आहे. हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. नरकात होतात तशा. बाजारात, बसमध्ये हा शब्द कोणी वापरत नाही, पुस्तकातलाच आहे, त्यामुळे इतकी वर्षं दिल्लीत काढून आमच्या कानावर तो पडलाच नव्हता. भाऊजींचं हिंदी स्कूटरच्या दुकानांतलं, माझं भाजीवाल्याकडचं. आणि कृतिका शाळेत हिंदीत काठावर पास. तिला वाटलं, शब्द संस्कृत दिसतोय, चालेल. तिने तो जसाच्या तसा ठेवला.

सक्सेना स्वतः घरी आले. हडकुळा, सज्जन माणूस, खिशाखिशांचं जाकीट घातलेला. सोफ्यावर बसले ते भाऊजींच्या आकड्याकडे बघतच. मग पिशवीतून कागद काढून त्यांनी कृतिकाचं भाषांतर वाचायला सुरुवात केली. रोज सुबह वह अपनी यंत्रणा पहनता. यंत्रणा में ज़ंग न लगे, इसलिए उसे तेल पिलाता. आणि शेवटी, शाम को यंत्रणा खूँटी पर टाँगकर उसने खिचड़ी खाई. इथे त्यांनी कागद खाली ठेवला. ही ओळ मरेपर्यंत विसरणार नाही, म्हणाले. भाऊजी मला मराठीत म्हणाले, माणूस इंजिनिअर दिसतोय, बारकावे बरोबर पकडलेत.

मग सक्सेनांनी फार हळू आवाजात विचारलं की तुमची स्वतःची यंत्रणा किती जुनी आहे. भाऊजी खुलले. म्हणाले, ‘पुरानी है, पर पहले इतनी अच्छी नहीं थी. हर साल थोड़ी बढ़ाता हूँ.’ सक्सेनांनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे वळून म्हणाले की घरच्यांनाही किती सोसावं लागत असेल. मी म्हटलं, छे, ‘हमको तो बहुत उपयोग होता है. डिब्बे खुलते हैं.’ त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला. मला वाटलं, पोह्यांना केलाय.

ते गेल्यावर भाऊजींनी घरभर फेऱ्या मारल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं. मारुती टीव्हीवर दिसणार होता. फुटपाथवरच्या त्या सगळ्या राक्षसांना आणि रडव्यांना एक ठणठणीत उत्तर मिळणार होतं. मंडळात सांगून झालं, जुन्या कारखान्यात सांगून झालं, खन्नांना तर तीनदा सांगून झालं. आमच्या सेक्टरमधला वाणीसुद्धा साखर मोजताना विचारायचा, साहेब, तुमची पिक्चर कधी येणार?

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी भाऊजींना बोलावणं आलं. नायकाच्या हाताला त्यांनी पत्र्याचा चंदेरी रंगाचा हात बसवला होता, पण जवळून तो तेलाच्या डब्यासारखा दिसत होता. म्हणून हाताचे जवळचे शॉट भाऊजींच्या आकड्याचे घ्यायचे ठरलं. मीही डबा घेऊन गेले, कारण असल्या ठिकाणी जेवायला काय देतात देव जाणे. एरवी ऑफिसात बसणारी कृतिकाही त्या दिवशी तिथे होती, हातात कागद घेऊन इकडून तिकडे पळत होती.

सक्सेनांनी आम्हाला आदराने खुर्च्या दिल्या आणि आधी झालेले सीन छोट्या टीव्हीवर दाखवले. पहिल्या सीनमध्ये मारुती पलंगावर बसून रडत होता. दुसऱ्यात पुलाखाली रडत होता. तिसऱ्यात ऑफिसात साहेबासमोर रडत होता. भाऊजींनी मला विचारलं, हा का रडतोय? मी म्हटलं, नवीन पोरगा आहे, घाबरला असेल. मग सक्सेनांनी उरलेला शेवटचा सीन समजावून सांगितला. मारुतीचं एका मुलीवर प्रेम आहे. तो तिच्या घरी येतो, तिच्या आईसमोर तो लोखंडी हात उपटून काढतो, खिडकीतून यमुनेत फेकतो, आणि मग तो पुन्हा पूर्ण माणूस होतो. आई त्याला जवळ घेते. संगीत.

भाऊजी उभे राहिले. म्हणाले की मारुती रडत नाही, माझ्या कथेत कुठे रडतो ते दाखवा. सक्सेना गोंधळले. म्हणाले, पण सर, कथाभर यंत्रणाच तर आहे. हो, आहे ना, भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी खांदा उडवून आकडा उघडून मिटून दाखवला. ही काय. सक्सेना त्या आकड्याकडे आणि मग भाऊजींच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी मुलीच्या आईचं काम करणाऱ्या बाई मधे पडल्या. भानुमतीजी त्यांचं नाव, साठीच्या, रेडिओवर नाटकं करून करून शब्द कसा मोत्यासारखा. त्या म्हणाल्या, ‘भाई साहब, यंत्रणा माने घोर पीड़ा. आप क्या समझे?’

 मग सक्सेना पुटपुटले, तेल पिलाता. त्यांचे खांदे हलायला लागले. खूँटी पर टाँगकर खिचड़ी, असं म्हणून ते जे खाली बसले ते पोट धरूनच. कॅमेरावाला हसला, भानुमतीजी पदर तोंडाला लावून हसल्या. मला ‘डिब्बे खुलते हैं’ आठवलं आणि माझीही हसून हसून पुरेवाट झाली. कृतिकाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. आणि भाऊजी हसत नव्हते.

मी भाऊजींना चिडलेलं शंभरदा पाहिलंय, पण असं नाही. आवाज अगदी खाली आला होता. म्हणाले, ‘ये दिखाया तो कल से पूरा नोएडा मुझे बेचारा बोलेगा. और इस बार मैंने खुद लिख के बुलवाया होगा.’ आणि त्यांनी कथा परत मागितली.

पण सक्सेनांनी हसू आवरून जे सांगितलं तेही खोटं नव्हतं. येत्या रविवारची वेळ ठरलेली होती, जाहिराती लागल्या होत्या, शेवटचा सीन सोडून सगळं चित्रित झालं होतं, पुन्हा करायला ना वेळ ना सेट. कथा काढली तर त्यांची कंपनी बसली. आणि भाऊजींचा मारुती पुन्हा अंजिराच्या बर्फीमागे. कथा दिली तर रडवा मारुती घराघरांत. माणूस म्हणून सक्सेना चांगले होते, त्यांनी जबरदस्ती केली नाही. आपण म्हणाल तसं, सर, एवढंच म्हणाले आणि खाली बघत बसले. भाऊजी पट्टा सारखा करत दरवाज्याकडे निघालेसुद्धा.

मला राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही, बहुतेक सगळ्यांचाच. डबा गार होत होता, लेक रडत होती, आणि इतक्या वर्षांनी दाराशी आलेली गोष्ट एका शब्दापायी मागे फिरत होती. मी भाऊजींना म्हटलं, थांबा. आणि सक्सेनांना म्हटलं, ते सीन परत लावा. माझं हिंदी ऐकून एरवी लोक हसतात, पण तेव्हा कोणी हसलं नाही.

मी टीव्हीवरच्या सीरियल खूप बघते. कोण कशाने रडतंय यावर माझं बारीक लक्ष असतं. मी त्यांना विचारलं की या मुलाचा हात कुठल्या सीनमध्ये दुखतो ते दाखवा. एकाही सीनमध्ये दुखत नव्हता. पलंगावर रडतो, कारण घरमालक त्याला बेचारा म्हणून गेलाय. पुलाखाली रडतो, कारण बसमध्ये बाई बेचारा म्हणून जागा देते. साहेब तर दोनदा म्हणतो. मग यंत्रणा कोणती झाली तुमच्या हिंदीतली? ‘हाथ तो मस्त है,’ मी म्हटलं. ‘यंत्रणा तो ये लोग दे रहे हैं.’ मग हात कशाला फेकायचा? फेकायचंच असेल तर त्या घरमालकाला फेका.

सक्सेना माझ्याकडे बघत राहिले. मग भाऊजींकडे. त्यांनी विचारलं की मग शेवटी मारुती काय करतो. खिचडी म्हणू नका, एवढी विनंती केली.

भाऊजी दरवाज्यातच उभे होते.  मग मान वळवून, जणू भिंतीला सांगावं तसं, म्हणाले, ‘हाथ आगे करता है. बस. इस हाथ को कोई पकड़ता नहीं. सब नमस्ते करते हैं.’

ते खरं होतं. लोक त्यांना भेटले की आकडा पुढे यायच्या आत पटकन दोन्ही हात जोडायचे, नाहीतर डावा हात पुढे करायचे. अगदी सभ्यपणाने. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

सीन ठरला. मारुती दारात येतो, आई बेचारा म्हणायला तोंड उघडते, तो आपला लोखंडी हात तिच्यापुढे करतो. मग जवळून फक्त दोन हात, भाऊजींचा आकडा आणि भानुमतीजींचा हात. सक्सेनांनी बाईंना समजावलं की आधी जरा घाबरा, हात मागे घ्या, मग हळूच बोट लावा. कॅमेरा फिरायला लागला. भाऊजींनी आकडा पुढे केला. 

भानुमतीजींनी काही घाबरण्याबिबरण्याचं केलं नाही. सरळ पुढे होऊन त्यांनी दोन्ही हातांनी तो आकडा धरला आणि चांगला गदागदा हलवला, माहेरचा माणूस भेटल्यासारखा. आणि त्यांची बांगडी आकड्यात अडकली. भाऊजींनी सोडवायला खांदा उडवला, तर आकडा उघडला आणि दुसरी बांगडी आत गेली. बाई ओढतायत, भाऊजी खांदे उडवतायत, ते जितके उडवतायत तितकं गुंतत चाललंय. भानुमतीजी खळखळून हसायला लागल्या. ‘अब छोड़ोगे भी, बेटा?’ त्या म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, ‘पहले आप छोड़िए.’ आणि दोघंही सोडेनात. बाजूला उभा असलेला तो रडवा नायकसुद्धा मोकळेपणाने हसत होता. दुसऱ्या कॅमेऱ्याने तेही टिपलं. सक्सेनांनी थांबा म्हटलंच नाही.

परतताना रिक्षात मी भाऊजींना विचारलं, बरं नाही का? मान हलवली फक्त. सारखा डावा हात पट्टा बांधलेल्या खांद्याकडे जात होता. मला वाटलं, एवढ्या ओढाओढीत पट्टा लागला असेल, घरी जाऊन हळद लावू.

रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, मंडळातली माणसं, जयंतच्या ऑफिसातले, वाणी दुकान बंद करून आलेला. लाइट जाईल म्हणून माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण त्या दिवशी ती शहाण्यासारखी टिकली. मारुती पलंगावर रडला तेव्हा हॉलमध्ये दोनचार च्‌ च्‌ झाले. पुलाखाली रडला तेव्हा एक बाई बेचारा म्हणाली आणि लगेच जीभ चावली. भाऊजी मागे दाराला टेकून उभे होते, मी त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. मग शेवट आला. आकडा पुढे झाला, बाईंनी तो धरला, बांगडी अडकली, आणि अख्खा हॉल हसायला लागला. टीव्हीतली माणसं हसतायत, इकडची हसतायत. संपलं तेव्हा कोणाला उठावंसं वाटेना.

मग एकेक जण निघाले आणि दारातून जाताना प्रत्येकाने भाऊजींपुढे हात केला. उजवा. कोणी घट्ट धरला, कोणी बिचकत, जयंतच्या साहेबांनी तर पिरगाळलाच. वाण्याने आधी हात धोतराला पुसला. एक लहान मुलगी दोनदा रांगेत आली. भाऊजी प्रत्येकाला थँक्यू थँक्यू म्हणत होते आणि लाजेने त्यांचे कान लाल झाले होते.

सगळे गेल्यावर मी कपबशा गोळा करत होते. भाऊजी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, खांदा दुखतोय का अजून? त्या दिवसापासून धरून बसलायत.

‘दुखत नाही, वहिनी,’ ते म्हणाले. ‘आकडा कोणी धरला की वायर ताणते, आणि ते इथे खांद्यात कळतं. सैल धरलाय, घट्ट धरलाय, हात थरथरतोय, सगळं कळतं. हा हात मीच बनवलाय, पण त्याला एवढं कळतं हे मला माहीत नव्हतं. कोणी धरलाच नव्हता ना.’

माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली. डोळे भरून आले ते लपवायला मी त्यांच्यावरच ओरडले की एवढी मोठी गोष्ट इतके दिवस पोटात ठेवतात का कोणी. ते हसले. मग मी ओला हात पदराला पुसला आणि पुढे केला. त्यांनी खांदा उडवला, आकडा उघडला आणि अगदी सावकाश माझ्या बोटांवर मिटला. स्टील गार लागलं. मी दुसऱ्या हाताने वरून धरलं आणि जोर लावला.

‘हां,’ भाऊजी म्हणाले, ‘कळलं.’